रोजडा आणि रोज डे

देवासला आश्विन महिना आधी नाकाला कळतो. कॅलेंडरात तो आश्विन असतो. इथे त्याला कुवार म्हणतात, आणि आमच्या घरातही आई सोडून आम्ही सगळे कुवारच म्हणतो. पाऊस गेलेला असतो, ऊन धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख पडतं, आणि मंडीच्या रस्त्यावर सोयाबीनने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. वाळलेल्या शेंगांना एक कोरडा, किंचित कडवट वास असतो. त्यात डिझेलचा धूर मिसळतो, धूळ मिसळते, आणि टेकरीवर देवीला पायी निघालेल्या लोकांसाठी रस्त्याच्या कडेला मोठ्या कढयांत चाललेल्या साबुदाण्याच्या खिचडीचा वासही मिसळतो.

काल शाळेतून परत येताना मी त्या रांगेत अडकले. स्कूटर बंद करून उभी राहिले. पुढच्या ट्रॅक्टरवरच्या माणसाने गाणं लावलं होतं आणि तो स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून बसला होता. गाणं माझ्या ओळखीचं नव्हतं. मी तो ठेका मोजला. चारचा होता. मी कुठलाही ठेका ऐकला की आधी मोजते. ही सवय गणित शिकवते म्हणून लागलेली नाही. ती त्याआधीची आहे, एका कुवारातली. नवं शतक लागून दोनएक वर्षं झाली होती, मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते आणि आमचा एक बँड होता.

बँड म्हटलं की इकडे लोकांना वरातीचाच आठवतो. आमचा तसा नव्हता. कसा होता हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

बाबा साताऱ्याकडचे. तरुणपणी कारखान्यात फिटर म्हणून देवासला आले आणि इथलेच झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या कारखान्यात एक नवं मशीन बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला. तीन-चार महिने राहिला. बाबा त्याच्या हाताखाली होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण मशीन दोघांनाही येत होतं, त्यामुळे अडलं नाही. जाताना त्याने बाबांना कॅसेटची एक कापडी पिशवी दिली. बाबांनी एक कॅसेट लावली, पाच मिनिटं ऐकली आणि पिशवी माझ्या मोठ्या भावाकडे, संजूदादाकडे सरकवली.

"बघ रे, बिघडल्यात की अशाच आहेत."

अशाच होत्या. एका कॅसेटच्या एका बाजूला एकच गाणं होतं. आधी बराच वेळ ऑर्गन, मग नुसता वारा, मग गिटार आणि ड्रम एकमेकांच्या मागे धावल्यासारखे, मग पुन्हा शांतता. गाणारा माणूस पार शेवटाकडे यायचा, चार ओळी म्हणायचा आणि जायचा. दादाला शब्द कळत नव्हते आणि मला ठेका कळत नव्हता. मी हार्मोनियम शिकलेली होते. तीनताल, झपताल, रूपक असले ठेके हाताला ठाऊक होते. हा कशातच बसेना. दुपारभर बोटांवर मोजत बसले तेव्हा लागला. अकराचा होता.

त्याच पिशवीत आणखी एक कॅसेट होती. तिच्यात दोन्ही बाजू मिळून दहा गाणी होती, सगळी छोटी, सगळी लगेच तोंडात बसणारी. नावं कुठल्याच कॅसेटवर नव्हती. दादाचं म्हणणं, आवाज तोच आहे. माझं म्हणणं, शक्य नाही, भाऊबिऊ असेल.

हेमंत आमच्यात आला तो धारहून. त्याच्या घराण्यातली माणसं कधीकाळी दरबारात होती. आता आई निवृत्त शिक्षिका होती, वडील नव्हते, आणि हा देवासला कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागून आमच्या कॉलनीत खोली घेऊन राहिला होता. गिटार वाजवायचा. त्याने ती लांब कॅसेट ऐकली आणि दोन दिवस तीच पुन्हा पुन्हा लावत राहिला. गोविंद खातेगांवचा. घरी गहू-सोयाबीनची शेती. कॉलेजसाठी देवासला मामाकडे राहायचा. मामा मंडीत आडत्या होते आणि त्यांचं मंडीमागे एक गोदाम होतं. गोविंदला ड्रम वाजवायचे होते आणि गोदाम उन्हाळ्या-पावसाळ्यात रिकामं असायचं. एवढ्यावर बँड उभा राहिला. दादा गाणार, हेमंत गिटार, गोविंद ड्रम, आणि मी जुना विकत घेतलेला की-बोर्ड.

नाव गोविंदमुळे सुचलं. त्याच्या शेतात रोजडे शिरायचे. रोजडा म्हणजे नीलगाय. गोविंद सांगायचा की तो प्राणी वाटेने येत नाही, कुंपण मानत नाही, आणि हाकलला तरी पळत नाही, दमाने चालत जातो. हेमंत म्हणाला, "हे आपणच." बँडचं नाव रोजडा पडलं.

हेमंतने एक लांब रचना बांधली. तिचं नाव 'खळं'. कापणी झाल्यावर खळ्यावर वाऱ्याची वाट पाहत उभा असलेला एक माणूस, एवढाच तिचा विषय. बावीस मिनिटं चालायची. मोठा भाग अकराच्या ठेक्यात होता. तो ठेका गोविंदच्या हातात यायला एक पूर्ण हिवाळा गेला. गोदामाच्या दारात, मामाच्या ओसरीवर, कॉलेजच्या बाकावर, जिथे असेल तिथे तो अकरा वाजवायचा. एकदा मला म्हणाला, "वृंदा, अब तो मेरे से सीधा चला भी नी जाता. पाँव ग्यारह गिनते हैं." आणि खरंच, तो रस्त्यावरून चालताना मध्येच एक पाऊल अडखळल्यासारखा पडायचा.

'खळं' ऐकायला फार लोक नव्हते. इंदूरच्या एका कॉलेजात वीस-पंचवीस मुलांनी जमिनीवर बसून ते डोळे मिटून ऐकलं होतं. त्या एका संध्याकाळवर आम्ही वर्षभर जगलो. देवासला मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात वाजवलं तेव्हा आठव्या मिनिटाला अर्धे लोक प्रसादाला उठले. बाराव्या मिनिटाला, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि मी एकटीच अगदी हळू वाजवते, तिथे एक काका स्टेजपाशी येऊन हेमंतला म्हणाले, "झालं ना? मग खुर्च्या उचलायला सांगतो." हेमंत अदबीने म्हणाला, "दहा मिनिटं राहिलीत, काका." काकांनी खुर्च्या उचलायला सांगितल्या.

आम्हाला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट थोडा तोरा होता. ज्यांना कळत नाही ते उठून जातात, असं आम्ही आपापसात म्हणायचो. आता मुलांना शिकवते तेव्हा कळतं, वर्ग जांभया देत असला की मास्तरही हेच म्हणतो.

मग इंदूरला एफएम आलं. आज त्याचं नवल कोणाला सांगून पटणार नाही. तोवर रेडिओ म्हणजे भारदस्त आवाजात बोलणारी, कुठे तरी दूर बसलेली माणसं. आता अचानक कोणी तरी आपल्या गल्लीतल्या पोरासारखं बोलू लागलं, "और क्या भिया, क्या चल रिया है?" पानाच्या टपऱ्यांवर, सलूनमध्ये, कारखान्याच्या सायकल स्टँडवर छोटे रेडिओ वाजू लागले. त्या लोकांनी जाहीर केलं की आसपासच्या बँडची गाणी आम्ही वाजवू. दादाने कोणाला न विचारता 'खळं'ची कॅसेट पाठवून दिली. महिनाभराने मामांच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, येऊन भेटा.

शेतात तेव्हा सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. आम्ही चौघं बसने इंदूरला गेलो. ज्या बाईंनी बोलावलं होतं त्या माझ्याहून थोड्याशाच मोठ्या असतील. केस कापलेले, बोलणं झरझर, वागणं चांगलं. आम्हाला चहा दिला. हेडफोन लावून आमच्यासमोर ऐकायला बसल्या. चारेक मिनिटांनी त्यांनी हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवला.

"बहुत अच्छा बजाते हो आप लोग. सच में. पर इसमें गाना कहाँ है?"

"सोलह मिनट के बाद आता है," गोविंद म्हणाला. त्याने ते सरळपणे, माहिती म्हणून सांगितलं होतं.

बाई हसल्या नाहीत. "सोलह मिनट में मेरे तीन गाने, विज्ञापन और ट्रैफिक का हाल निकल जाता है, भिया. लोग दुकान पे बैठे हैं, रोटी बेल रहे हैं. उनको शुरू में ही पकड़ना पड़ता है." मग हेमंतकडे वळून म्हणाल्या, "वो सोलह मिनट के बाद वाला मैंने आगे करके सुना था. वही धुन निकाल के दे दो. साढ़े तीन मिनट. बीट सीधी रखना. मैं बजाऊँगी."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. दादाला ते हवं होतं हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. पण तो हेमंतच्या रागाला घाबरून खिडकीबाहेर बघत बसला होता. क्षिप्रेचा पूल आला तेव्हा हेमंत म्हणाला, "करू या."

दादाने चमकून पाहिलं. मीही. गोविंदला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"क्या करू या?"

"छोटं करू या. सीधा बजाना है तुझे, चार में."

"हेमंत भिया," गोविंद म्हणाला, "इत्ती मुश्किल से तो टेढ़ा आया है अपन को. अब सीधा बजाऊँ? सीधा तो कोई भी बजा लेगा. मेरी क्या जरूरत?"

"ते दोन बँड नव्हते," हेमंत माझ्याकडे बघत म्हणाला. "पिशवीतल्या त्या दोन कॅसेट. मी इंदूरला एका मासिकात वाचलं. एकच बँड. आधी एका बाजूला एक गाणं करायचे, मग एका बाजूला पाच करायला लागले. तेच लोक."

"तो फिर उनका क्या हुआ?" गोविंदने विचारलं.

"लोगों ने सुना," हेमंत म्हणाला.



पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही 'खळं' कापत होतो. बाहेर शेतं कापली जात होती. गोदामात रोज नवी पोती येऊन पडायची. आधी आमच्याकडे अख्खं गोदाम होतं, मग अर्धं, मग पोत्यांच्या दोन भिंतींमधली एक बोळकंडी. पोत्यांमुळे आवाज असा दबून जायचा की आपण स्वतःच्या डोक्यातच वाजवतो आहोत असं वाटायचं. अंगावर शेंगांवरची बारीक पांढरी कूस बसायची, खाज सुटायची, हेमंत शिंकत शिंकत म्हणायचा, "हे काढ. हेही काढ."

माझा सहा मिनिटांचा भाग चार सुरांचा झाला. ते चार सूर पुढे सगळा माळवा गुणगुणला; त्या सहा मिनिटांबद्दल कोणी विचारलं नाही. आणि त्या सहांमधली दोन मिनिटं मी उगीच लांबवलेली होती, हे कापताना माझ्याही ध्यानात आलं. काही भाग मात्र जायला नको होते. वारा सुटतो तो भाग गेला. सगळे थांबतात ती शांतता गेली. रेडिओवर शांतता चालत नाही, लोकांना वाटतं रेडिओ बंद पडला. शब्दही बदलले. खळ्यावर वाऱ्याची वाट पाहणारा माणूस उठला आणि खिडकीत एका मुलीची वाट पाहत बसला. हेमंतने ते एका दुपारी, पोत्यावर बसून, सहज लिहून टाकलं. मी वाचलं आणि मला ते आवडलं. आवडलं याचंच मला नवल वाटलं.

रेकॉर्डिंगला गोविंदने चोख वाजवलं. एकदाही चुकला नाही. संपल्यावर काड्या खाली ठेवल्या आणि बाहेर जाऊन चहा प्यायला. एवढंच.

गाणं लागायचं त्या दिवशी दादा कॉलनीत थांबला. त्याने मंडळाचे स्पीकर आणून रेडिओला जोडले होते. हेमंतला मात्र धारला जायचं होतं. मी आणि गोविंद त्याच्याबरोबर गेलो. गाव संपतं तिथे त्यांचं सिमेंटचं साधं दुमजली घर होतं, मागे लगेच शेतं. हेमंतच्या आईंना सगळे आईसाहेब म्हणायचे. गुडघ्यांनी त्या अधू झाल्या होत्या, घराबाहेर पडत नसत. त्या स्वतःच्या मुलालाही अहो-जाहो करायच्या, आणि त्यांचं मराठी ऐकलं की मला माझं मराठी कारखान्यात बनवल्यासारखं वाटायचं.

"यावं वृंदाबाई. आपण ह्यांच्यात ऑर्गन वाजवता ना? आणि हे गोविंदराव. बसावं. उन्हातून आलात."

इंदूरचं स्टेशन धारला नीट लागत नव्हतं. खालच्या खोलीत नुसती खरखर. हेमंत रेडिओ घेऊन घरभर फिरला. शेवटी गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, एका विशिष्ट कोपऱ्यात आवाज लागला. तो वरून ओरडला, "इथे येतंय!" मी आणि गोविंदने आईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या.

त्या जिन्यावर बसल्या आणि पाठमोऱ्या, हातांवर भार देत, एकेक पायरी वर सरकत गेल्या. गोविंद खाली हात पसरून समोर उभा, मी वरून त्यांचा पदर सांभाळत. मध्ये दोनदा थांबल्या. कण्हल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "लागलं का त्यांचं?" "अभी नी लगा, आईसाहेब, टाइम है," गोविंद म्हणाला. गच्चीवर आम्ही त्यांना टाकीला टेकून बसवलं. खाली सगळीकडे कापलेली शेतं होती, काही ठिकाणी थ्रेशर चालू होते आणि त्यांच्या तोंडातून भुसा पिवळ्या धुरासारखा उडत होता.

मग निवेदक म्हणाला, "और अब सुनिए देवास का अपना बैंड, रोज डे!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कॅसेटवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'रोजडा' त्याने असं वाचलं होतं. गुलाबं देण्याचा दिवस! गोविंद हसायला लागला, हेमंतने त्याला हाताने गप्प केलं, आणि माझे चार सूर वाजले.

मध्ये दोनदा आवाज गेला. हेमंत रेडिओ डोक्यावर धरून उभा राहिला तेव्हा परत आला. साडेतीन मिनिटं आईसाहेब डोळे बारीक करून शेतांकडे बघत होत्या. गाणं संपलं, जाहिरात लागली, हेमंतने रेडिओ खाली घेतला.

"छान आहे," त्या हेमंतला म्हणाल्या. "आज कळलं मला आपण काय म्हणता ते. इतकी वर्षं आपण खालच्या खोलीत वाजवत होतात, मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मला वाटायचं, सूर जुळवताय अजून."

त्यांना त्यात काही टोमणा मारायचा नव्हता. हेमंत खाली बसला आणि त्यांचे गुडघे दाबू लागला. त्याचा चेहरा मला दिसला नाही. गोविंदचा दिसला. तो हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. एखाद्या गणिताचं उत्तर बरोबर आहे पण आपल्या रीतीने आलेलं नाही, अशा वेळी मुलांचा होतो तसा चेहरा होता.

नवरात्र लागलं आणि ते गाणं सुटलं. ठेका सरळ होता, त्यामुळे गरब्याच्या मंडपांत चालून गेलं. रिक्षांत वाजलं, कटलरीच्या दुकानांत वाजलं. बागलीहून दादाच्या मित्राचा फोन आला की इकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं त्यावर नाचणार आहेत. कॉलनीत लहान मुलं मला बघून ते चार सूर तोंडाने वाजवून पळून जायची. बाबांना कारखान्यात कोणी तरी "रोज डे के पापा" म्हणालं. घरी येऊन त्यांनी ते तीनदा सांगितलं. दादाने फलकावर नवं नाव रंगवूनच घेतलं. "लोक तेच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू," म्हणाला. हेमंत म्हणाला, "ठीक आहे." रोजडा गेला, आणि त्याच्या सवयीप्रमाणे दमाने गेला, कोणाला फारसं कळलं नाही.

अष्टमीला देवासच्या मोठ्या मैदानात आम्हाला बोलावलं. दिवेलागणीची वेळ. समोर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मध्ये गरब्याचं मोठं रिंगण, रंगीत घागरे, टिपऱ्या, चहूकडे बघे. आमच्याकडे वाजवण्यासारखं एकच गाणं होतं आणि त्यांना तेवढंच हवं होतं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. लोक ओरडले, "फिर से!" तिसऱ्यांदा सुरू केलं.

दुसऱ्या कडव्याला गोविंद अकरात गेला.

न सांगता गेला. आधी मला वाटलं चुकला. मग ऐकलं, तर तो अगदी शांतपणे, एकही घाव न चुकवता, त्या हिवाळ्यात शिकलेला ठेका वाजवत होता. रिंगणात टिपऱ्या टिपऱ्यांना चुकायला लागल्या. एक मुलगी हसत खाली बसली. दादा गाता गाता मागे वळून डोळ्यांनी विचारत होता, हे काय चाललंय? त्याच्या ओळी लटपटत होत्या. हेमंतने मागे वळून गोविंदकडे पाहिलं. त्याच्याबरोबर जाणं हेमंतला काहीच अवघड नव्हतं. ती वाट त्यानेच तर बांधली होती. मी हेमंतच्या हाताकडे बघत राहिले. तो हात चारमध्येच राहिला.

एकाच स्टेजवर दोन ठेके चालले होते आणि मला दोन्ही ऐकू येत होते. मी चार सूर सोडून दिले आणि एकच खालचा षड्ज धरून ठेवला. तो कुठल्याही ठेक्यात बसतो. असं किती वेळ चाललं कोण जाणे, स्टेजवर ते फार वाटतं. गोविंद हेमंतकडे बघत होता, हेमंत गोविंदकडे. मग गोविंदने मान एकदा हलवली, जशी आपण दुकानदाराला 'राहू दे' म्हणताना हलवतो, आणि चारमध्ये परत आला. रिंगण पुन्हा फिरायला लागलं. लोकांना ती गंमत वाटली असावी, टाळ्या पडल्या.

स्टेजमागे दादा तणतणला. "काय केलंस हे? लाज काढलीस सगळ्यांसमोर!"

"देख रहा था संजू भिया, याद है कि नी," गोविंद म्हणाला. "याद है." झांजा पोत्यात गुंडाळताना तो हेमंतला म्हणाला, "आईसाहेब को अच्छा लगा था भिया, मैंने देखा है. तुम गलत नी हो. पर मेरे से नी होगा." आणि मग, जणू कारण तेच होतं, "घर पे कटाई चल रही है. सोयाबीन खड़ा है."

हेमंत म्हणाला, "जा. कटाई के बाद बात करते हैं." त्याने झांजांचं पोतं उचलून मामांच्या जीपमध्ये ठेवलं. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात मारला. कटाई झाली, गहू पेरला गेला, गोविंद आला नाही.

आम्ही मशीनवर ठेका लावून आणखी दोन गाणी केली. एक आठवडाभर वाजलं, दुसरं लागलं की नाही तेही कळलं नाही. बँड मोडला असं कोणी कधी म्हटलं नाही. दादाला विम्याच्या कंपनीत नोकरी लागली, मला शाळा मिळाली. हेमंत इंदूरला एका स्टुडिओत जाहिरातींचं संगीत करू लागला आणि अजून करतो. साबणाची असो की सिमेंटची, कुठलीही धून तो अर्ध्या मिनिटात मांडू शकतो, आणि त्या वाईट नसतात. मी त्याला एकदा विचारलं, चुकलं का रे आपलं? तो म्हणाला, "कुठलं?" मी पुढे विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी मला बोलता आलं असतं, अजूनही येतं. 'खळं' मला आजही पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत येतं. आणि ते छोटं गाणं कुठे कानावर पडलं की मला बरं वाटतं. यातलं एक खरं आणि एक खोटं असं मला करता आलेलं नाही.

पुढल्या वर्षी देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली आणि गोविंदचं लग्न निघालं. मुलगी कन्नौदची. पत्रिकेबरोबर गोविंदचा स्वतःचा फोन आला, तिघांनी यायचंच. आम्ही गेलो. सोयाबीन विकून झालेलं, गव्हाला पहिलं पाणी दिलेलं, त्यामुळे सगळा मुलूख लग्नाला मोकळा. कन्नौदच्या मुख्य रस्त्यावर उन्हं उतरता उतरता वरात निघाली. गोविंद घोडीवर, तोंडावर सेहरा. पुढे लाल कोट घातलेले बँडवाले. दोन गाणी झाली आणि तिसरं त्यांनी आमचं सुरू केलं.

माझे चार सूर क्लॅरिनेटवर वाजले. दादाने माझा दंड धरला. आम्हाला वाटलं गोविंदनेच सांगून ठेवलं असेल. पण घोडीवर तोही ताठ झाला होता.

पुढे कुठे तरी ट्रॉली आडवी होऊन रस्ता अडला होता. वरात जागची हलेना आणि गाणं थांबवायचं बँडवाल्यांना कारण उरलं नाही. साडेतीन मिनिटं कधीच होऊन गेली. क्लॅरिनेटवाल्याने आमचं कडवं घेतलं, ते दुप्पट संथ केलं, त्यात कुठल्या तरी विदाईच्या चालीचा तुकडा घातला, परत आला. मग सगळे थांबले आणि एकटा ढोल वाजत राहिला. मग ढोलही थांबला, आणि ताशेवाला बोटांनी नुसती पावसासारखी थरथर काढत उभा राहिला. आमच्यापैकी कोणी न शिकवलेली एक शांतता त्या रस्त्यावर पसरली, आणि तिच्यातून पुन्हा क्लॅरिनेट निघालं. अंधारू लागलं, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया कडेने उभ्या राहिल्या, आणि गाणं चालूच होतं.

दादाला राहवेना. बँडमास्टर ओठ पुसायला थांबला तसा तो त्याच्याजवळ गेला. "उस्ताद, ये गाना किसका है?"

"किसी का नी है, भिया," बँडमास्टर म्हणाला. "पुराना गाना है. बारात का."

दादाने सांगायला तोंड उघडलं. हेमंतने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली, नको. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की बत्तीचा उजेड, मला सांगता येणार नाही. हसत मात्र होता.

तेवढ्यात गोविंद सेहरा दोन्ही हातांनी बाजूला करून ओरडला, "हेमंत भिया! उतरूँ क्या?"

"अरे, दूल्हा है तू!"

पण तो उतरला होता. घोडीवाला हाका मारत राहिला, गोविंदचे काका डोक्याला हात लावत राहिले, आणि नवरदेव जरीच्या जोड्यांनी धूळ उडवत बँडच्या पुढे गेला. हेमंतने चप्पल काढून हातात घेतली आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. मग दादा गेला. मग मी गेले. बँडमास्टरने आमच्याकडे पाहिलं, हौशी मंडळी दिसताहेत असं त्याला वाटलं असावं, आणि त्याने पोरांना खूण केली, पुन्हा पहिल्यापासून.

रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. पलीकडे मांडवाच्या दारात मुलीकडची मंडळी हार घेऊन ताटकळत उभी होती, आणि वरात पुढे सरकायचं नाव घेत नव्हती.